टपालातल्या बरण्या

बुरशी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पावसाळ्यात लोणच्याच्या बरणीत वर आलेला पांढरा थर, डब्यात विसरलेल्या भाकरीवरची हिरवट लव, फार तर कपाटातल्या चामडी चपलांवरचे डाग. बुरशी ही आपल्या लेखी स्वयंपाकघरातली नाहीतर अडगळीच्या खोलीतली गोष्ट. त्यामुळे काही वर्षांपूर्वी माझ्या मावशीच्या रक्तात बुरशी सापडल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आपण काहीतरी चुकीचं ऐकलं असंच आम्हाला वाटलं. रक्तात कधी बुरशी येते का?

मावशीला रक्ताचा कॅन्सर होता आणि केमोथेरपी चालू होती. औषधांनी कॅन्सरच्या पेशींबरोबर चांगल्या पांढऱ्या पेशीही जवळजवळ संपवल्या होत्या. आधी तिचं तोंड आलं. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर जमला. नर्सने तोंडात फिरवून गिळायला एक पिवळसर औषध दिलं आणि तोंड निवळलं. पण पुढच्या आठवड्यात ताप चढला तो उतरेचना. एकामागून एक अँटिबायोटिक्स झाली. मग रक्ताच्या कल्चरचा रिपोर्ट आला. त्यात जिवाणू नव्हते, यीस्ट होतं. तिच्या मोठ्या शिरेत बसवलेली नळी काढून टाकली, नवं औषध सुरू झालं आणि डोळ्यांचे डॉक्टर येऊन तिचे डोळे तपासून गेले. ताप आलाय तर डोळे कशाला तपासायचे, हे विचारायचंही भान आम्हाला नव्हतं. नंतर कळलं, की ही बुरशी रक्तावाटे डोळ्याच्या पडद्यावर जाऊन बसू शकते आणि नजर घेऊ शकते.

मावशी त्यातून उठली. पण त्या तीन आठवड्यांत तिच्या उशाशी बसून मी त्या पिवळ्या औषधाच्या बाटलीवरचं नाव किती वेळा वाचलं असेल, त्याची मोजदाद नाही. निस्टॅटिन. हे नाव आलं कुठून, म्हणून सहज शोधायला गेले आणि मला एक बाई भेटली. एलिझाबेथ ली हेझन. १९७५ मध्येच जग सोडून गेलेली. विज्ञानाच्या जगात तिचं नाव मोठं आहे, पण आपल्याकडे पेनिसिलिनवाला फ्लेमिंग जसा शाळेतल्या पोरालाही माहीत असतो, तशी ही नाही. म्हणून आज तिची गोष्ट.

एलिझाबेथचा जन्म २४ ऑगस्ट १८८५ चा, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात रिच नावाच्या लहानशा गावी. घरची कापसाची शेती. चार वर्षांची व्हायच्या आतच तिचे आई-वडील दोघंही गेले. ती आणि तिची बहीण, दोघींना काका-काकूंनी जवळच्याच लूला गावी नेऊन वाढवलं. शाळा एका खोलीची. पण काका-काकूंनी मुलींच्या शिक्षणात हात आखडता घेतला नाही, हे फार महत्त्वाचं. मिसिसिपीत त्या वेळी खास मुलींसाठी काढलेलं सरकारी कॉलेज होतं. अमेरिकेतलं अशा प्रकारचं ते पहिलंच. तिथून एलिझाबेथ १९१० मध्ये पदवीधर झाली आणि जॅक्सन शहरातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवू लागली. पगार मिळत होता, सुट्टीत पुढचे अभ्यासक्रम करता येत होते. त्या काळातल्या एखाद्या अनाथ मुलीसाठी ही गोष्ट इथे सुखाने संपायला हरकत नव्हती.

एलिझाबेथ मात्र थांबली नाही. तिशी ओलांडल्यावर तिने नोकरी सोडली आणि न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात जाऊन १९१७ मध्ये जिवाणूशास्त्रात एम. ए. केलं. पहिलं महायुद्ध चालू होतं, तेव्हा लष्कराच्या तपासणी प्रयोगशाळांत काम केलं. मग काही वर्षं वेस्ट व्हर्जिनियातल्या एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत. पुन्हा कोलंबिया. १९२७ मध्ये तिला पीएचडी मिळाली, तेव्हा तिचं वय होतं बेचाळीस. चाळिशी आली, आता काय नवीन शिकायचं, असं म्हणणाऱ्या आपण सगळ्याजणींनी हा आकडा लक्षात ठेवावा. कारण तिचं खरं काम अजून वीस वर्षं लांब होतं!

१९३१ मध्ये ती न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागाच्या प्रयोगशाळेत लागली, न्यूयॉर्क शहरातल्या शाखेत. काम म्हणजे रोगाचा माग काढणं. ब्रश बनवणाऱ्या कारखान्यातल्या लोकांना अँथ्रॅक्स झाला, तो कुठून आला? डबाबंद मासे खाऊन माणसं दगावली, त्यात कोणतं विष होतं? असल्या प्रश्नांच्या मागे ती चिकाटीने लागायची. १९४४ मध्ये विभागाचे प्रमुख ऑगस्टस वॉड्सवर्थ यांनी तिच्यावर नवी जबाबदारी टाकली, माणसाला होणाऱ्या बुरशीच्या रोगांची. एलिझाबेथ तेव्हा एकोणसाठ वर्षांची होती. आपल्याकडे या वयात निरोपसमारंभाची तयारी चालते. ही बाई नव्याने विद्यार्थिनी झाली. कोलंबियात ऱ्होडा बेनहॅम नावाच्या बुरशीतज्ज्ञ होत्या, त्यांच्या प्रयोगशाळेत जाऊन तिने बुरशी ओळखायची कशी इथपासून सुरुवात केली.

बुरशीची एवढी निकड का भासली, हे समजून घ्यायला हवं. चाळीसच्या दशकात पेनिसिलिन आलं, मग स्ट्रेप्टोमायसिन आलं. मरणाच्या दारातून माणसं परत येऊ लागली. पण डॉक्टरांच्या लक्षात एक वेगळीच गोष्ट येऊ लागली. ही औषधं जिवाणू मारतात आणि बुरशीला हातही लावत नाहीत. आपल्या तोंडात, आतड्यात, योनिमार्गात कँडिडा नावाची बुरशी एरवीही थोडीफार असतेच. शेजारचे जिवाणू तिला दाबून ठेवतात. औषधाने ते शेजारी मेले की तिला रान मोकळं. मग तोंडात पांढरा थर येतो, बायकांना अंगावर पांढरं जातं, खाज सुटते. अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर हा त्रास आपल्यापैकी किती जणींनी मुकाट्याने सोसला असेल!

धडधाकट माणसात ही बुरशी त्रास देते, पण सहसा रक्तात शिरत नाही. पांढऱ्या पेशी पहाऱ्यावर असतात. पहारा उठला की मात्र चित्र बदलतं. केमोथेरपी चाललेले, अवयव बदललेले, दिवसच्या दिवस आयसीयूत असलेले रुग्ण, दिवस भरायच्या आत जन्मलेली बाळं यांच्यात ती आतड्याच्या भिंतीतून किंवा शिरेतल्या नळीवाटे थेट रक्तात उतरू शकते. तिथून डोळे, मूत्रपिंड, हृदयाच्या झडपा, कुठेही. हा आजार तसा विरळा. पण झाला तर आजच्या काळातही, चांगल्या हॉस्पिटलांतसुद्धा, साधारण तीनातला एक रुग्ण हाती लागत नाही. मग १९४५ ची काय कथा? त्या काळी अशा आत शिरलेल्या बुरशीवर डॉक्टरांपाशी भरवशाचं काहीच नव्हतं.

औषध शोधणं कठीण का होतं? बुरशीची पेशी जिवाणूच्या पेशीपेक्षा आपल्या पेशीच्या कितीतरी जवळची आहे. दिसायला भाकरीवरची लव, पण आतली रचना आपल्या नात्यातली. त्यामुळे जे विष तिला मारतं, ते बहुतेक वेळा रुग्णालाही मारतं.

१९४८ मध्ये एलिझाबेथच्या नव्या साहेबांनी, गिल्बर्ट डॉलडॉर्फ यांनी, तिची गाठ ऑल्बनीच्या मुख्य प्रयोगशाळेतल्या एका रसायनतज्ज्ञ बाईशी घालून दिली. रेचल फुलर ब्राउन. तिचीही गोष्ट ऐकण्यासारखी. रेचल चौदाएक वर्षांची असताना वडील घर सोडून गेले. आईने सेक्रेटरीची नोकरी करून दोन मुलं वाढवली. कॉलेजचा खर्च उचलला तो आजीच्या एका श्रीमंत मैत्रिणीने. पुढे शिकागोला पीएचडीचा प्रबंध लिहून झाला, पण तोंडी परीक्षा काही होईना आणि जवळचे पैसे संपले. तेव्हा तिने ऑल्बनीची नोकरी धरली. परीक्षा झाली ती तब्बल सात वर्षांनी, १९३३ मध्ये. एक पोरकी, एक बापाने सोडलेली. एक जिवाणू आणि बुरशी ओळखणारी, दुसरी रसायनं वेगळी करणारी. एक त्रेसष्ट वर्षांची, दुसरी पन्नाशीला टेकलेली.

आणि दोघींच्या मध्ये दोनशेहून जास्त किलोमीटरचं अंतर. त्यावर उपाय काय, तर टपाल! एलिझाबेथ ठिकठिकाणची माती गोळा करायची. स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्याच एका सूक्ष्म जिवातून सापडलं होतं, तेव्हा बुरशीवरचा उतारा मातीतच असेल, असा अंदाज. मातीतले जीव ती वेगळे करून वाढवायची आणि त्यातला कोणता जीव बुरशीची वाढ रोखतो, ते बघायची. कस लावायला दोन बुरश्या. एक कँडिडा आणि दुसरी मेंदूच्या आवरणाला सूज आणणारी क्रिप्टोकॉकस. एखादा जीव कसाला उतरला, की त्याचं कल्चर झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून टपालाने ऑल्बनीला. तिकडे घरोघरी फळं आणि भाज्या टिकवायला वापरतात, तसल्या बरण्या. ऑल्बनीला रेचल त्यातून नेमका गुणकारी पदार्थ निरनिराळ्या द्रावकांनी वेगळा काढायची आणि परत टपालाने न्यूयॉर्कला धाडायची. एलिझाबेथ तो पुन्हा बुरशीवर आणि मग जनावरांवर तपासायची. बुरशी मरते का? मरते. जनावर जगतं का? नाही. की पुन्हा पहिल्यापासून दुसरी माती.

किती वेळा असं झालं असेल! हे काम मला आपल्या तांदूळ निवडण्यासारखं वाटतं. एकेक खडा वेगळा करायचा, कंटाळायचं नाही आणि कुणी शाबासकी देईल अशी आशाही धरायची नाही. फरक इतकाच, की इथे सगळे खडेच होते आणि शोधायचा होता एकच दाणा.

तो दाणा सापडला मैत्रिणीच्या घरी. एलिझाबेथ सुट्टीत व्हर्जिनिया राज्यात नॉर्स नावाच्या स्नेह्यांच्या शेतावर गेली होती. सुट्टी असली तरी मातीवरची नजर काही हटत नव्हती. तिथून आणलेल्या मातीतल्या एका जिवाने, ४८२४० क्रमांकाच्या, दोन पदार्थ तयार केले. दोन्ही बुरशी मारणारे. एक जनावरांना फार विषारी निघाला. दुसऱ्याने बुरशी मारली आणि जनावर जगलं. त्या जिवाला एलिझाबेथने स्नेह्यांचं नाव दिलं, स्ट्रेप्टोमायसिस नॉर्सेई. मैत्रीची अशी आठवण किती जणांच्या नशिबी येते?

हे औषध बुरशीला मारतं आणि आपल्याला का नाही, याचं उत्तर पुढे मिळालं. आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या आवरणात त्याच्याऐवजी एर्गोस्टेरॉल नावाचा त्याचा चुलतभाऊ. हे औषध त्या चुलतभावाला नेमकं पकडतं आणि आवरणाला भोकं पाडतं. पेशीतला जीवनरस झिरपून जातो.

१९५० च्या ऑक्टोबरमध्ये दोघींनी हा शोध शास्त्रज्ञांच्या सभेत मांडला. एलिझाबेथ पासष्ट वर्षांची होती. आधी ठेवलेलं फंगिसिडिन हे नाव दुसऱ्या कुणी वापरल्याचं कळलं. मग ज्या न्यूयॉर्क राज्याची दोघी चाकरी करत होत्या, त्याच्याच नावावरून निस्टॅटिन हे नाव ठरलं. माणसाला देण्याजोगं, उपयोगी पडलेलं बुरशीवरचं हे पहिलं प्रतिजैविक. स्क्विब कंपनीने ते मोठ्या प्रमाणावर बनवलं आणि १९५४ मध्ये ते बाजारात आलं. तोंडासाठी, आतड्यासाठी, त्वचेसाठी आणि बायकांच्या त्या न बोलायच्या दुखण्यासाठीही. १९६६ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात महापूर आला, भिजलेल्या जुन्या चित्रांवर बुरशी चढू लागली, तेव्हाही हेच औषध कामी आलं.

आता पैशाची गोष्ट. पेटंट १९५७ मध्ये मिळालं आणि त्यावर मानधन येत गेलं, ते एकूण एक कोटी तीस लाख डॉलरच्या वर गेलं. दोघी सरकारी पगारावर जगणाऱ्या. त्या काळात एवढ्या पैशांत त्यांनी काय काय केलं असतं! दोघींनी स्वतःसाठी त्यातलं काही घेतलं नाही. रिसर्च कॉर्पोरेशन या ना-नफा संस्थेच्या हाती सगळं सोपवलं. निम्मी रक्कम संस्थेच्या विज्ञानविषयक मदतीसाठी आणि निम्मी ब्राउन-हेझन निधीसाठी. बुरशीच्या रोगांवर संशोधन करायला एरवी कुणी पैसा देत नसे. त्या विषयात पुढे आलेल्या कितीतरी तरुण संशोधकांचा खर्च या निधीतून झाला. दुसऱ्या बाईच्या पैशावर शिकलेल्या रेचलने आणि काका-काकूंच्या आधारावर शिकलेल्या एलिझाबेथने ते ऋण असं पुढच्या पिढीकडे फेडलं.

पण एलिझाबेथचं औषध सर्वशक्तिमान नव्हतं, हेही सांगायला हवं. निस्टॅटिन पोटात घेतलं तर आतड्यातून रक्तात शोषलं जात नाही आणि शिरेतून देण्याइतकं ते निर्धोक नाही. म्हणजे रक्तात शिरलेल्या बुरशीवर ते चालत नाही. मावशीच्या तोंडातला थर त्याने घालवला, रक्तातली बुरशी त्याला रोखता आली नाही, ती यामुळेच. ते उंबरठ्यावरचं औषध आहे. मात्र मातीत असं औषध सापडू शकतं, हे या दोघींनी दाखवून दिलं होतं. काही वर्षांतच स्क्विबच्या शास्त्रज्ञांना व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतून याच घराण्यातलं दुसरं औषध सापडलं, अँफोटेरिसिन बी. ते शिरेतून देता येतं. मावशीला तेच चालू होतं. सलाइन चढायला लागलं की तिला अशी हुडहुडी भरायची की दोन ब्लँकेटं पुरायची नाहीत आणि मूत्रपिंडासाठी रोज रक्त तपासायचे. पण तिला परत आणलं ते त्यानेच. २०२१ च्या मे महिन्यात काळ्या बुरशीच्या रुग्णांचे नातेवाईक महाराष्ट्रभर ज्या इंजेक्शनसाठी वणवण करत होते, तेही हेच.

१९५५ मध्ये एलिझाबेथने एका सहकाऱ्याबरोबर प्रयोगशाळेत बुरशी ओळखण्याविषयी सोपं पुस्तक लिहिलं. १९६० मध्ये सरकारी नोकरीतून निवृत्त झाली, पण घरी बसली नाही. कोलंबियातल्या बुरशीच्या प्रयोगशाळेत पाहुणी संशोधक म्हणून पुढे तेराएक वर्षं जात राहिली. १९७३ मध्ये आजारी बहिणीला भेटायला सिॲटलला गेली आणि तिथे तिचीच प्रकृती ढासळली. २४ जून १९७५ रोजी ती तिथेच वारली. त्याच वर्षी अमेरिकन रसायनतज्ज्ञांच्या संस्थेने दोघींचा पुरस्काराने गौरव केला. तो मिळवणाऱ्या या पहिल्याच स्त्रिया. रेचल १९८० मध्ये गेली.

गोष्ट इथे संपत नाही. २००९ मध्ये जपानमधल्या एका बाईच्या कानात कँडिडा ऑरिस नावाची नवी बुरशी सापडली. ही नेहमीच्या औषधांना दाद देत नाही आणि हॉस्पिटलमध्ये एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाते. आपल्या देशातही अशक्त रुग्णांच्या रक्तात ती सापडली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये धोकादायक बुरश्यांची पहिली यादी काढली, तिच्यात ही अगदी वरच्या गटात आहे. त्याच गटात एलिझाबेथच्या कसाच्या दोन्ही जुन्या बुरश्या, कँडिडा आणि क्रिप्टोकॉकससुद्धा! आणि संशोधनाच्या पैशांत बुरशीचा वाटा अजूनही नगण्यच.

आपण संशोधक नाही. पण घरातलं आजारपण बहुतेक वेळा आपल्याच हातून जातं. केमोथेरपीच्या रुग्णाला ताप आला तर घरच्या गोळीवर रात्र काढू नये, लगेच डॉक्टरांना कळवावं. तोंडात पांढरा थर दिसला तर क्षुल्लक समजू नये. शिरेतल्या नळीला हात लावण्याआधी साबणाने हात धुवावेत, दुसऱ्यांनाही सांगावं. उरलेली अँटिबायोटिक्स मनाने कुणाला देऊ नयेत. आणि ताप औषधांनी उतरतच नसेल तर बुरशीची शंका आहे का, हे विचारायला संकोच करू नये. आम्ही विचारलं नव्हतं, डॉक्टरांच्याच ते वेळेत लक्षात आलं.

मावशी घरी आल्यावर मी तिला एलिझाबेथ आणि रेचलची सगळी गोष्ट सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली. ती स्वतः दर उन्हाळ्यात मुलीसाठी लोणच्याच्या बरण्या एसटीच्या पार्सलने पाठवणारी. तिला एकच शंका आली. इतक्या वर्षांत टपालात त्यांच्या काचेच्या बरण्या फुटल्या कशा नाहीत? मला उत्तर देता आलं नाही. पण त्या बरण्या पोचत राहिल्या, म्हणून ती शंका विचारायला मावशी माझ्यासमोर बसली होती, एवढं मात्र खरं.